फुटक्या कपांचा वर्ग

खुर्ज्याहून आलेला माल ट्रकमधून उतरत होता आणि मी पेंढ्यातून एकेक कप काढून नखानं वाजवून बघत होते, तेव्हा परवीनचा फोन आला. धड कप टणकन बोलतो, तडा गेलेला बद्द वाजतो. बेगम बाजारातल्या आमच्या कपबश्यांच्या ठोक दुकानात माझं निम्मं आयुष्य हा फरक ऐकण्यात गेलंय. 'ब्रेक द न्यूज' म्हणजे वाईट बातमी समोरच्याला झेपेल अशी बेतानं सांगणं, असं कुमुदवहिनी शिकवत. परवीन त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, पण त्या दिवशी तिला ते जमलं नाही. "आपा, मैडम गए," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?"... आणि प्रश्न तोंडातून गेल्यावर मला कळलं.

झोपेत हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी उन्हं आली तरी तशीच दिसली, म्हणून खालच्या टिफिन सेंटरच्या अनसूयम्मांनी हाका मारल्या आणि मग माणसं बोलावून दार उघडवलं. कुणी मारलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं, रक्त नव्हतं. वहिनींच्या बाबतीत ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे, म्हणून सांगते.

कुमुदवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दुकानांवरच्या एका खोलीत त्या बायकांना इंग्रजी शिकवत आणि तिथेच राहत. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं 'फार शांत होत्या हो' असं म्हणतात आणि मी मान हलवते. पण त्या शांत बाईच्या खोलीत प्रत्येक तुकडीचा एक गुरुवार असा यायचा, की दुपारभर भिंतीवर कप फुटत, आणि फोडायला त्याच लावत. हे सांगायचं तर आधी आमच्या घराबद्दल सांगावं लागतं. ते गाळून लिहिलेलं त्यांना चाललं नसतं.

आमचं घर मूळचं नांदेडकडचं, आजोबांपासून हैदराबादेत. वहिनी परभणीच्या, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या, लग्नाआधी शाळेत शिकवणाऱ्या. मुलगी बघून आल्यावर दादा ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटला होता. वर्ष उलटायच्या आत तीच त्याला टोचायला लागली. त्याचा हात कशावरूनही उठे. आमटीत मीठ जास्त झालं, शर्टाचं बटण लावायचं राहिलं, दारावर आलेल्या विक्रेत्याशी त्या इंग्रजीत बोलल्या. एकदा मी माहेरी गेले असताना वहिनी फोनवर मैत्रिणीशी बोलता बोलता मोठ्यानं हसल्या. दादा स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं त्यांचं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. तो आवाज मी बाहेरच्या खोलीत ऐकला. आई माझ्या शेजारी मेथी निवडत होती. तिनं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. हे तिचं नेहमीचं होतं. शेजारपाजारच्यांनाही ठाऊक होतं, की या घरचा टीव्ही मोठा झाला म्हणजे आत काय चाललंय. तेही आपापली दारं लोटून घेत. मी आत गेले तर दादा म्हणाला, "मंगल, तू पाहुणी आहेस. पाहुणीसारखी राहा." वहिनी ओट्याला धरून उभ्या होत्या. त्या ओरडल्या नव्हत्या. आमच्या घरात ओरडून काही उपयोग नसतो, हे त्या एव्हाना शिकल्या होत्या.

मग एका सकाळी त्यानं जेवायचा लाकडी पाट फेकून मारला. वहिनींच्या खांद्याचं हाड मोडलं. आईनं मला फोन केला, "ही बाथरूममध्ये पडलीय, जरा दवाखान्यात घेऊन जा." मी गेले, घेऊन गेले. हाड बसवून, हात झोळीत अडकवून आम्ही बाहेर आलो आणि ऑटोत बसल्यावर त्या म्हणाल्या, "मंगल, आता त्या घरी नको." मी "बरं" म्हटलं आणि ऑटोवाल्याला बेगम बाजार सांगितलं. या विषयावर आमच्यात एवढंच बोलणं झालं. नंतर मला बऱ्याच जणींनी विचारलं, की त्या वेळी त्या रडल्या का, तुम्ही काय समजूत घातली. कुणी रडलं नाही. माझ्या डोक्यात त्यांना झोपायला कुठली गादी द्यायची, एवढंच होतं.

खांदा बरा होईपर्यंत त्या आमच्याकडे राहिल्या. मग माझ्या सासऱ्यांच्या ओळखीतल्या सलीमभाईंनी काचीगुड्याची ती खोली मिळवून दिली. सलीमभाई कुकर-मिक्सर दुरुस्त करतात. खाली त्यांचं दुकान, त्याला लागून अनसूयम्मांचं इडली-दोशाचं टिफिन सेंटर, आणि वर वहिनी. दोन महिन्यांत वर्ग सुरू झाला. परवीन तेव्हा सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायची. तिला काउंटरवर उभं राहायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजी हवं होतं. कुणाला मुलांच्या शाळेत बाईंशी बोलायचं असे, कुणाला नर्सिंगला जायचं असे. पुण्याहून आलेली, नवरा आयटीत असलेली अदिती तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून यायची. तिला पुस्तकी इंग्रजी चांगलं येत होतं. "मग इथं कशाला?" मी विचारलं, तर म्हणाली, "मंगलकाकू, माझा मुलगा मराठीत रागावलं की हसतो. मला इंग्रजीत रागवायला शिकायचंय."

वहिनींच्या वर्गात पुस्तक नसे. एका वेळी एक क्रियापद, आणि ते हाताला लागल्याशिवाय दुसरं नाही. 'गेट', 'पुट', 'टेक', 'ब्रेक'... अशी मोजकी क्रियापदं घट्ट धरली तर सगळा संसार इंग्रजीतून करता येतो, असं त्यांचं म्हणणं. शब्द नुसता घोकायचा नाही, करायचा. 'पुट'च्या आठवड्यात खोलीतलं सगळं सामान जागा बदलायचं. 'टेक'च्या आठवड्यात बायका एकमेकींच्या पर्सा उचलून निघून जायच्या आणि जिन्यावरून हसत परत यायच्या. पण पहिल्याच तुकडीला 'ब्रेक'पाशी गाडी अडली. वहिनींचा मला फोन आला. "मंगल, या बायकांनी जन्मात एक वस्तू मुद्दाम फोडलेली नाही. हातून फुटलं की बोलणी खायची, एवढाच यांचा फोडण्याशी संबंध. यांना ब्रेक कसा शिकवू? तुझ्याकडे ते बद्द कप असतात ना?"

ते आमच्याकडे नेहमीच असतात. प्रत्येक पेटीत थोडे निघतात, वेगळ्या टोपलीत पडतात आणि शेवटी कचऱ्यात जातात, कारण तडा गेलेला कप फुकट दिला तरी कुणी घरात घेत नाही. मी एक खोकं भरून नेलं आणि कोपऱ्यात बसून राहिले. खोलीच्या मागच्या बाजूला बिनखिडकीची एक कोरी भिंत होती, तिच्या पायथ्याशी वहिनींनी गोधडी अंथरली होती. प्रत्येकीनं एक कप घ्यायचा, भिंतीवर फेकायचा आणि आपण काय केलं ते इंग्रजीत सांगायचं. पहिली परवीन उठली. तिनं कप असा टाकला, की तो भिंतीला टेकला, खाली गोधडीवर घरंगळला आणि धड राहिला. दुसरीचंही तेच. अदितीचंही तेच. जोर लावायचा, आणि ऐन वेळी मनगट मागे घ्यायचं. वहिनी म्हणाल्या, "अगं, तू फेकत नाहीयेस, भिंतीला चहा देतेयस. परत." पुढे प्रत्येक तुकडीत मी हे पाहिलं. बाईचा पहिला कप फुटत नाही. दुसरा कधी कधी. तिसरा मात्र असा फुटतो, की फेकणारीच दचकते आणि मग तिला आणखी एक हवा असतो.

'आय ब्रोक द कप' झालं, की वहिनी विचारत, "अजून काय काय मोडतं? सांगा." नियम मोडतात, वचन मोडतात, घर फोडतात, शांतता भंग करतात, सवय मोडतात. 'ब्रेक इव्हन' म्हणजे ना नफा ना तोटा, हा एकटा मला माहीत होता आणि तो मी कोपऱ्यातून ऐटीत सांगितला होता. 'ब्रेकफास्ट' म्हणजे रात्रीचा उपास सकाळी मोडणं, हे कळल्यावर परवीन म्हणाली, "फिर तो रमज़ान में हम शाम को ब्रेकफास्ट करते जी, मैडम!" आणि वर्ग इतका हसला, की खालून अनसूयम्मा बघायला आल्या. इंग्रजीत दिवस फुटतो, मुलग्याचा आवाज फुटतो, लाट फुटते. "इंग्रजांना हसू नका," वहिनी म्हणत, "आपल्याकडे पालवीही फुटते आणि डोकंही." पडणाऱ्या माणसाच्या मधे काही आलं आणि मार कमी लागला, तर 'इट ब्रोक माय फॉल', हा त्यांचा आवडता. एवढ्या मोडतोडीच्या शब्दात वाचवणंही बसलेलं आहे, हे त्या दर वेळी नव्यानं सापडल्यासारखं सांगत. आणि एक त्या भराभर सांगून पुढे जात. घोडा 'ब्रेक' करतात. त्याचं हाड मोडत नाहीत, पाय मोडत नाहीत. पाठीवर बसू द्यायचं नाही ही त्याची इच्छा तेवढी मोडतात. परवीननं विचारलं होतं, "फिर वो घोड़ा कप नहीं फोड़ सकता क्या, मैडम?" "फोड सकता है," त्या म्हणाल्या. "पहला नहीं फूटता, बस."

खालच्या लोकांनी सुरुवातीला वेड्यात काढलं, मग त्यांना सवय झाली. वरून खळ्ळकन आवाज आला, की सलीमभाई गिऱ्हाइकाला सांगत, "कुछ नहीं जी, मैडम अंग्रेज़ी पढ़ा रहे." अनसूयम्मा दुपारी उडीद निवडत बसायच्या आणि कोणता कप जोरात फुटला यावर शेरे मारायच्या. गल्लीतली पोरंटोरंही थांबून ऐकायची. त्या आवाजाचं कुणाला काही वाटेनासं झालं.

दादा अधूनमधून गल्लीत यायचा. आई आजारी आहे, घरात करायला कुणी नाही, चल, असं खालून ओरडायचा, शिव्या द्यायचा आणि जायचा. वहिनी खिडकी लावून घेत. वर चढायची त्याची हिंमत नव्हती, असं आम्ही धरून चाललो होतो.

तोही 'ब्रेक'चा गुरुवार होता. बाजारात ट्रक अडकले होते म्हणून मला दुकानातून निघायला उशीर झाला. कपांचं खोकं मांडीवर घेऊन ऑटोनं काचीगुड्याला पोचले. सलीमभाई एका कुकरचं झाकण मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून हसले. "क्या आपा, देर कर दिए? मैडम तो शुरू हो गए!" वरून खळ्ळकन आवाज आला. मग आणखी एक. मग काहीतरी जड आपटलं. अनसूयम्मा उडदातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "आज बहुत ज़ोर में हैं सब." सलीमभाई म्हणाले, "हौ, किसी का गुस्सा निकल रहा." तेही हसले, मीही हसले, आणि पैसे द्यायला खोकं एका हातावर घेतलं... तेव्हा ते वजन मला जाणवलं. कप माझ्याकडे होते. सगळेच्या सगळे. वर फोडायला कप नव्हतेच.

ऑटोवाल्याचे पैसे मी दिले नाहीत. जिना चढले. दाराची कडी आतून लावलेली होती. ती कडी किती तकलादू आहे हे मला माहीत होतं, कारण ती मीच बसवून घेतली होती. दोन लाथांत दार उघडलं. मी वहिनींना घर मांडताना दिलेला डिनर सेट जमिनीवर पसरला होता, तुकडे तुकडे होऊन. त्या तुकड्यांत वहिनी पडल्या होत्या. त्यांचे केस दादाच्या एका मुठीत होते आणि दुसऱ्या हातात विद्यार्थिनींच्या बसायची घडीची लोखंडी खुर्ची. त्यानं ती त्यांच्या पाठीत घातली. माझ्या समोर. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले होते आणि तोंडातून आवाज काढत नव्हत्या. बोटांतून रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. दादानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुन्हा उचलली.

हॉटेलांत चालतो तो कप जाड असतो, आणि त्याचं बूड सगळ्यात जाड. मी तो कडेला धरला आणि बूड पुढे ठेवून फेकला. तो दादाच्या भुवईवर लागून फुटला. माझा पहिलाच कप होता. खुर्ची पडली. तो माझ्याकडे आला, तर दुसरा मी जवळून मारला, फेकला नाही, हातात धरूनच मारला, आणि माझा तळवा फाटला. तेवढ्यात मागून कुणीतरी खोक्यात हात घातला. परवीन वर्गाला आली होती, बाकीच्या अजून यायच्या होत्या. तिनं एका पाठोपाठ एक कप सोडले. काही लागले, काही दारावर फुटले. "हरामी! छोड़! छोड़ उनको!" ती ओरडत होती. दादा चेहरा धरून आमच्या मधून बाहेर पडला, जिन्यावरून दोनदा आपटत खाली गेला. खाली सलीमभाई उभे राहिले होते. रक्तानं भरलेला माणूस त्यांच्या समोरून पळाला तेव्हा त्यांच्या हातून कुकरचं झाकण गटारात पडलं.

माझ्या सख्ख्या भावाच्या भुवईवर अजून ती खूण आहे. मला त्याचं वाईट वाटतं का, असं आमच्याकडच्या एक मावशी विचारत होत्या. मला त्या डिनर सेटचं वाईट वाटतं, चांगला होता.

दवाखान्यात जाताना ऑटोत वहिनींचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. बरगड्या मोडल्या होत्या, उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. ती पुढे कायमची वाकडी राहिली आणि त्यांचा खडू त्यामुळे तिरका चाले. श्वास घेताना त्यांना कळ येत होती तरी त्या पुटपुटल्या, "मंगल... यू ब्रोक माय फॉल." मी म्हटलं, "वहिनी, बोलू नका. आधी एक्स-रे काढू."

पोलिसांत त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. आईनं मला निरोप पाठवला, की भावाची माफी मागेपर्यंत या घरात यायचं नाही. मी गेले नाही. पण खरा प्रश्न घरमालकाचा निघाला. त्यांना असली भानगड नको होती. खोली रिकामी करा, म्हणाले. सलीमभाई आणि अनसूयम्मा त्यांच्या हातापाया पडले, तेव्हा ते एका अटीवर तयार झाले: हे कप फोडणं बंद. मला अट पटली. सलीमभाईंनाही पटली. दादा वर चढला तो त्यांच्या नजरेतून निसटला होता, आणि त्या दिवसापासून त्यांना नीट जेवण जात नव्हतं. "हम नीचे बैठके सुन रहे थे, आपा," ते पुन्हा पुन्हा म्हणत. "हँस रहे थे." अनसूयम्मा पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "वद्दम्मा, मैडम. नक्को अब. आवाज़ ही नहीं होना. फिर आवाज़ आया तो हमको मालूम पड़ता."

वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. छातीला पट्टे होते. "नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या पायी मी खोली सोडणार नाही आणि शब्दही सोडणार नाही. ज्या बाईला इथं पहिल्यांदा काहीतरी फोडता येतं, तिचा कप मी काढून घेऊ?" आणि त्यांनी नवा नियम सांगितला. यापुढे पहिला कप फेकायच्या आधी एकीनं खिडकीत जायचं आणि खाली ओरडून सांगायचं, की क्लास आहे. सांगितलं असेल तर कितीही फुटो, कुणी वर बघायचं नाही. न सांगता या खोलीतून एक जरी आवाज आला, तर ज्यानं ऐकला त्यानं हातातलं टाकून वर यायचं. विचारायचं नाही, वाट बघायची नाही, यायचं. सलीमभाईंनी छातीवर हात ठेवला. मालकाला परवीननं पटवलं. कसं, ते तिनं मला सांगितलं नाही.

सगळे खाली गेल्यावर मी वहिनींना म्हटलंच, "माणसं चार दिवस लक्षात ठेवतात हो. नंतर विसरतात." त्या म्हणाल्या, "बघू."

खिडकीतून ओरडणं हे कप फोडण्यापेक्षा अवघड निघालं. बायका खिडकीपर्यंत जायच्या आणि पुटपुटून परत यायच्या. वहिनी त्यांना पुन्हा पाठवत. हळूहळू आवाज फुटला. "खाली ऐका हो, क्लास आहे!" "नीचेवालो, क्लास है!" "किंदा विनंडी, क्लास उंदी!" जिला जी भाषा येते त्या भाषेत. खालून सलीमभाई ओरडत, "चलने दो!" अदितीचा मुलगा एकदा आईबरोबर आला होता. आई खिडकीतून गल्लीभर ओरडली ते त्यानं पाहिलं, आणि त्यानंतर, अदिती सांगते, तो मराठीत रागावलं तरी हसत नाही.

नियम पाळण्यात वहिनींची बाजू अशी, की त्यांनी घरात पुन्हा एकही काचेची किंवा चिनी मातीची वस्तू ठेवली नाही. कपबश्यांच्या दुकानातली नणंद, आणि माझ्याच पुढ्यात चहा यायचा तो स्टीलच्या पेल्यात, बोटं भाजत. मी कुरकुर करायची. त्या म्हणायच्या, "चुकून हातातून सुटलं तर बिचारे उगाच धावतील. त्यांना एकदा खोटं धावायला लावलं, की खऱ्याच्या वेळी येणार नाहीत." आरशाची काचसुद्धा त्यांनी काढून टाकली होती, स्टीलच्या ताटात बघून टिकली लावायच्या. फोडायचे कप गुरुवारी माझ्याबरोबर येत आणि उरलेले माझ्याबरोबर परत जात. अशी वर्षं गेली. दादा परत आला नाही. न सांगता काही फुटलं नाही, आणि त्यामुळे नियम कधी तपासलाही गेला नाही. मला शेवटपर्यंत शंका होती. सलीमभाई थकले, त्यांचे गुडघे गेले. शेजारचं एक दुकान रिकामं झालं आणि तिथे मोबाइलवाला आला. त्याला त्या दिवसाची काय माहिती असणार?

वहिनी गेल्याचं मी दादाला कळवलं. तो म्हणाला, "कधी?" मी सांगितलं. त्यानं फोन ठेवला. त्याच्याबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं आणखी काही नाही.

वर्ग परवीन चालवणार आहे. ती आता त्याच साड्यांच्या दुकानात काउंटर सांभाळते, पण गुरुवारची सुट्टी तिनं मागून घेतली. वहिनींच्या शेवटच्या तुकडीचा 'ब्रेक' राहिला होता, म्हणून गेल्या आठवड्यात मी खोकं घेऊन गुरुवारच्या आदल्या दिवशीच काचीगुड्याला गेले. वहिनींचे कपडेही आवरायचे होते. दुपारची वेळ, गल्ली सुस्त. खोलीत फळा तसाच होता, त्यावर तिरक्या अक्षरांत शेवटच्या धड्याची वाक्यं. मी खोकं उचलून कपाटावर ठेवायला गेले. पुठ्ठा पावसात भिजलेला होता. तळ सुटला आणि सगळे कप एकदम फरशीवर आले.

माझ्या हातून आजवर माल पडलेला नव्हता. मी स्वतःवर चडफडत वाकले आणि पहिला तुकडा उचलला, तेव्हा जिना वाजायला लागला.

पहिला आला तो मोबाइलवाला, हातात स्क्रू काढायचं ते बारकं हत्यार तसंच. धापा टाकत होता. "आवाज़ आया," तो म्हणाला, "मगर कोई पुकारा नहीं." त्याच्या मागे अनसूयम्मा, हातातल्या पळीतून दोशाचं पीठ पायरीपायरीवर गळतंय, "एमैंदम्मा? कौन है? कौन है अंदर?" त्यांच्या मागे त्यांचं एक गिऱ्हाईक, उष्ट्या हाताचं. आणि सगळ्यांत शेवटी, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत सलीमभाई. दारात आल्यावर त्यांनी सगळी खोली नजरेनं तपासली, पलंगामागे, दारामागे. मी म्हटलं, "काही नाही, सलीमभाई. खोकं फाटलं. माझ्याच हातून पडलं."

सलीमभाईंनी श्वास येऊ दिला.

"अच्छा," ते म्हणाले. "तो मैडम को बोलो जी, हम आए थे बोलके..." आणि मग त्यांना आठवलं.

मी केरसुणी घेतली. अनसूयम्मा अनवाणी होत्या आणि तुकडे पार दारापर्यंत गेले होते.